मोपा, अगत्ती, माले: नकाशावरचं अंतर आणि हातातला वेळ

लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि मालदीवची राजधानी माले या दोन बेटांवरच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे ७५० किलोमीटर अंतर आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळापासून मुंबईपर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. पंख्याच्या विमानानेही ते दोन तासांच्या आत पार पडायला हवं. प्रत्यक्षात अगत्तीहून माले गाठायला एक मुक्काम धरून दीड दिवस जातो, कारण या दोन बेटांमध्ये थेट विमान नाही आणि दोन्हीकडचं वेळापत्रक एकमेकांना विचारून आखलेलं नाही. गोव्यातून निघून ही दोन्ही बेटं एकाच प्रवासात करायची असतील तर किलोमीटर कमी मोजावेत, धावपट्टीची लांबी, उजेड, वजन आणि तिकिटांचे सांधे जास्त. पुढचा आराखडा त्याच क्रमाने आहे.

तारखा ठरवण्याआधी हंगाम बघावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत लक्षद्वीपचा समुद्र पर्यटकांच्या होड्यांसाठी बरा असतो. पावसाळ्यात विमान गेलं तरी पुढची होडी सुटेलच असं नाही.

दिवस पहिला: मोपा ते अगत्ती

पहिला टप्पा रस्त्याचा, आणि गोवेकरांचा वेळ चुकतो तो बहुतेक इथेच. पणजीहून मोपा साधारण ३५ किलोमीटर. धारगळहून विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता झाल्यापासून शेवटचा भाग झटपट होतो. अडकायला होतं ते पर्वरीत. तिथल्या उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत सकाळच्या विमानासाठी पाऊण तास जादा धरावा. काणकोणहून येणाऱ्यांनी तीन तास धरावेत. म्हणजे काणकोण ते मोपा या शंभरेक किलोमीटरला मोपा ते अगत्तीच्या पावणेसहाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेळ लागतो. पणजी, मडगाव आणि कळंगुटहून कदंबच्या बस आहेत, पण पहाटेच्या विमानाला बस जुळते का ते आदल्या दिवशी पाहून ठेवावं.

चेक-इनला ओळखपत्राबरोबर लक्षद्वीपचा प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही तो बंधनकारक आहे. अर्ज ऑनलाइन होतो, पण बेटावरची राहण्याची जागा किंवा मान्यताप्राप्त सहल-चालक पाठीशी असल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागितला जातो. तो आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यातून मिळवायचा, आणि त्यात आठ-दहा दिवस सहज जातात. परवान्यावर बेटांची नावं असतात. अगत्तीला उतरून बंगारमला जायचं असेल तर दोन्ही नावं हवीत. परवाना छापून दोन प्रती ठेवाव्यात. एक उतरल्यावर पोलीस नोंदणीच्या वेळी पुढे करायची, दुसरी आपल्यापाशी.

आता अंतर. हे स्वतः मोजता येतं आणि एकदा मोजलं की तिकिटावरची वेळ कुठून येते ते कळतं. मोपा आहे साधारण १५.७३ उत्तर अक्षांश आणि ७३.८७ पूर्व रेखांशावर. अगत्ती १०.८२ उत्तर, ७२.१८ पूर्व. अक्षांशातला फरक ४.९१ अंश. एका अंशाचे ६० सागरी मैल, म्हणजे दक्षिणेकडे २९५ मैल. रेखांशातला फरक १.६९ अंश. विषुववृत्तापासून वर येताना रेखांश एकमेकांजवळ येतात, म्हणून या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोज्याने, इथे ०.९७ ने गुणायचं. पश्चिमेकडे ९८ मैल झाले. दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ: ३१० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून साधारण ५७५ किलोमीटर. विमानाचं तोंड दक्षिण-नैर्ऋत्येला, जवळपास १९९ अंशांवर राहतं.

या मार्गाला साजेसं विमान म्हणजे एटीआर ७२. फ्लाय९१ ही गोव्यातली कंपनी हीच विमानं उडवते आणि २०२४ पासून तिने मोप्याहून अगत्तीची सेवा सुरू केली. आठवड्यातले दिवस आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी जे वेळापत्रक दिसेल तेच धरायचं. एटीआरचा उंचीवरचा कमाल वेग २७५ नॉट्स, म्हणजे ताशी २७५ सागरी मैल, व्यवहारात २६० धरावा. ३१० भागिले २६० म्हणजे ७१ ते ७२ मिनिटं. त्यात मोप्याला धावपट्टीपर्यंत जायची आठ-दहा मिनिटं, चढताना वेग कमी असतो त्याची पाच-सहा, उतरतानाच्या वळणांची सात-आठ. अगत्तीला समांतर टॅक्सीवे नाही. विमान धावपट्टीच्या टोकाला वळून त्याच धावपट्टीवरून मागे येतं, त्याची आणखी तीन-चार. बेरीज एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास जाते. तिकिटावर याहून थोडी जास्त वेळ छापलेली असली तर ती कंपनीने उशिरासाठी ठेवलेली मोकळीक समजावी. समोरून २० नॉट्सचा वारा लागला तरी सहाच मिनिटं वाढतात. वाऱ्याने हा प्रवास बिघडत नाही, ढगाने बिघडतो.

एटीआरमध्ये दार मागे असतं आणि सामानाचा मुख्य कप्पा पुढे. लवकर उतरायचं असेल तर मागची रांग घ्यावी. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं, फक्त पंखाजवळच्या रांगांत इंजिन आणि पंखा आड येतात. जाताना डावी बाजू निवडावी. मोप्याहून समुद्रावर आल्यावर शापोऱ्याचं मुख आणि आग्वादचं टोक डावीकडे राहतं. त्यानंतर तासभर नुसतं पाणी.

अगत्तीची धावपट्टी १,२०४ मीटर लांब आहे आणि बेटाच्या दक्षिण टोकाचा जवळजवळ सगळा भाग तिनेच व्यापलेला आहे. एप्रिल १९८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा छोट्या डॉर्नियर विमानांसाठी होती. दोन्ही टोकांना समुद्र. नैर्ऋत्येकडून उतरताना आधी गडद निळं पाणी, मग प्रवाळकड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, मग कड्याच्या आतलं उथळ हिरवट पाणी, म्हणजे लगून, आणि बाजूला कल्पिट्टीचं चिमुकलं बेट. चाकं टेकताक्षणी ब्रेक आणि पंख्यांचा उलटा जोर एकदमच लागतो. हे दरवेळचंच आहे, दचकू नये.

हवामान फिरलं आणि विमान उतरू शकलं नाही तर ते किनाऱ्याकडे वळतं. किनाऱ्यावरचा जवळात जवळचा मोठा विमानतळ मंगळूर, तोही पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वळणाचं इंधन निघतानाच सोबत घ्यावं लागतं, आणि त्याचं वजन प्रवासी आणि सामानाच्या वाट्यातून जातं. बेटांच्या विमानांत सामानावर कडक नजर असते ती यासाठी.

दिवस दुसरा: अगत्ती आणि बंगारम

अगत्ती बेट साडेसात किलोमीटरच्या आसपास लांब आणि सर्वांत रुंद ठिकाणी एक किलोमीटर. विमानतळाहून वस्तीपर्यंत चालतही जाता येतं, पण सामान असेल तर राहण्याच्या ठिकाणाहून गाडी मागवावी. बोली जसरी, मल्याळमच्या घरातली. मोडकं मल्याळम किंवा हिंदी चालून जातं. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून आलेली केबल कार्यान्वित झाली, तेव्हापासून इंटरनेट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे. तरीही रोख पैसे सोबत असावेत.

बंगारम अगत्तीच्या ईशान्येला आठेक किलोमीटरवर. वेगवान होडीने अर्धा तास, साध्या होडीने दुप्पट. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला लगूनच्या तोंडाशी पाणी उथळ होतं आणि होडी थांबते. म्हणून सकाळी निघताना परतायची वेळ तांडेलालाच विचारावी आणि तो सांगेल तीच धरावी. विमानाच्या दिवशी बंगारमहून थेट विमानतळ गाठायचा बेत तर करूच नये. आदल्या रात्री अगत्तीला यावं.

लगूनमध्ये पोहताना पायाखाली प्रवाळ येणार नाही इतकी काळजी घ्यावी. जिवंत प्रवाळ पावलाच्या एका दाबाने मोडतो आणि त्याला परत वाढायला वर्षं लागतात. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नये. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि परतीच्या तपासणीत क्ष-किरण यंत्रात तो लगेच ओळखू येतो.

खायला टुना सगळीकडे. उकडून, धुरावून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवलेला टुना म्हणजे इथला मास. मालदीवलाही हाच पदार्थ मिळतो. आपल्याकडच्या सुक्या बांगड्यासारखा त्याला उग्र वास नसतो, पण पाकीट पक्कं बंद केलेलं असेल तरच ते विमानात न्यावं.

दिवस तिसरा: राखीव

हा दिवस मोकळा ठेवावा आणि मोकळाच राहू द्यावा. बेटाहून निघणारं विमान रद्द झालं तर पुढचं दुसऱ्याच दिवशी असेल याची खात्री नसते. पुढे आंतरराष्ट्रीय तिकीट असेल तर हा एक दिवस त्या तिकिटाच्या पैशांचं रक्षण करतो. सगळं सुरळीत असेल तर तो लगूनमध्ये घालवायला कोणाची ना नसते.

दिवस चौथा: अगत्ती ते कोची

उतरताना जी धावपट्टी पुरते ती उडताना अपुरी पडते. एटीआर ७२ पूर्ण वजनाने, म्हणजे २३ टनांनी उडायचं तर समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात सुमारे १,३०० मीटर धावपट्टी लागते. इथे आहे १,२०४, आणि दुपारी पारा ३० च्या वर. तापमान १५ अंशांनी वाढलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सुमारे १,८०० फूट उंचीवरच्या धावपट्टीवरून उडतोय असं वाटतं. पंखाला आधार कमी, पंख्याला पकड कमी, इंजिनाला हवा कमी. उपाय एकच, वजन कमी करणं. एक टन वजन म्हणजे सामानासकट दहा-अकरा माणसं. म्हणून अगत्तीहून निघणाऱ्या विमानात काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या असतात, आणि ऐन वेळी कोणाची बॅग मागे राहून पुढच्या विमानाने येते. परतीचं इंधन विमानाने सोबतच आणलेलं असेल तर हिशेब आणखी ताणला जातो.

तेव्हा औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवावे. मोठी बॅग कोचीला आपल्यानंतर पोहोचली तर पुढच्या प्रवासात तिची वाट पाहता येत नाही. सकाळचं विमान मिळत असेल तर तेच घ्यावं. हवा गार असते, वजनाला सवलत मिळते, आणि काही घोटाळा झालाच तर निस्तरायला उजेड शिल्लक राहतो.

अगत्ती ते कोची साधारण ४७० किलोमीटर, २५३ सागरी मैल. २६० नॉट्सने ५८ मिनिटं, सगळं धरून सव्वा ते दीड तास. दिशा जवळजवळ थेट पूर्व, त्यामुळे सकाळी ऊन समोरून येतं. सावली हवी असेल तर डावी बाजू घ्यावी.

कोचीला देशी विमानं टर्मिनल १ वर येतात, आंतरराष्ट्रीय टर्मिनल ३ वरून सुटतात. दोन्ही एकाच आवारात आहेत. अगत्तीचं आणि मालेचं तिकीट वेगवेगळं असेल, आणि बहुधा तसंच असतं, तर बॅग पुढे आपोआप जात नाही. ती उचलायची, दुसऱ्या टर्मिनलवर न्यायची, नव्याने द्यायची. पहिलं विमान चुकल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. कागदावर चार तासांचा सांधा पुरेसा दिसतो. बेटाहून येताना तो पुरेसा नाही. अंगमाली किंवा नेडुंबाश्शेरीला रात्र काढावी. मुक्कामाचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा नेहमीच कमी पडतो.

दिवस पाचवा: कोची ते माले

निघण्याआधीच्या ९६ तासांत मालदीवचा ऑनलाइन प्रवासी जाहीरनामा भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे. व्हिसा पोहोचल्यावर मिळतो, त्यालाही शुल्क नाही, पण राहण्याचं पक्कं आरक्षण आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं.

गोव्यातून निघतानाच एक गोष्ट बॅगेतून काढून ठेवावी: फेणी. अगत्तीला दारूबंदी आहे, फक्त बंगारमला सूट, आणि मालदीवमध्ये तर बाहेरची दारू आणायलाच बंदी. तिथले सीमाशुल्क अधिकारी बाटली ठेवून घेतात आणि पावती देतात. डुकराच्या मांसाचे पदार्थही नेता येत नाहीत, म्हणजे चोरीसही घरीच राहू द्यावेत. मालदीवला असलेल्या गोवेकराला भेट न्यायची तर काजूगर, कोकमं, पेडण्याच्या मिरच्या न्याव्यात.

कोची ते माले ७३० किलोमीटर, जेटने उडण्याचा वेळ सव्वा ते दीड तास. मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे. त्यामुळे तिकिटावर जाताना एका तासाचा प्रवास दिसतो आणि येताना दोन तासांचा. विमान तेच, वेगही तोच. पुढची होडी ठरवताना कोणाचं घड्याळ धरलंय हे आधी स्पष्ट करून घ्यावं. अर्ध्या तासाच्या फरकाने शेवटच्या होड्या हुकतात.

वेलाना विमानतळ हुळहुले बेटावर आहे. बेट म्हणजे जवळपास विमानतळच. २०२२ मध्ये तिथे ३,४०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली, अगत्तीच्या जवळजवळ तिप्पट. तीवर मोठ्यातलं मोठं प्रवासी विमान उतरू शकतं. २०१८ च्या पुलामुळे माले शहर आणि हुळहुमाले दोन्हीकडे रस्त्याने जाता येतं, फेरीने मालेला दहा-पंधरा मिनिटं. दूरच्या बेटावर समुद्री विमानाने जायचं असेल तर दुपारी साडेतीनच्या आत माले गाठायला हवं. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. त्यानंतर पोहोचणाऱ्याने हुळहुमालेला मुक्काम धरूनच चालावं. सरकारी होड्या शुक्रवारी फार कमी, म्हणून गुरुवारी रात्री पोहोचणारं तिकीट टाळावं.

आता अगत्ती ते माले हिशेब लावू. सरळ रेषेत ४०४ सागरी मैल. एटीआरने ९३ मिनिटं, जमिनीवरची धरून दोन तासांना पाच-दहा मिनिटं कमी. कोचीमार्गे उडायचं अंतर १,२०० किलोमीटर, उडण्याचा वेळ पावणेतीन-तीन तास, आणि दारापासून दारापर्यंत ३० तास. थेट विमान नसण्याची कारणं साधी आहेत. अगत्तीला परदेशी जाणाऱ्यांसाठी पासपोर्ट-तपासणी आणि सीमाशुल्काची व्यवस्था नाही. धावपट्टी आखूड असल्यामुळे दूरच्या पल्ल्याचं इंधन आणि भरलेलं विमान एकत्र उडवता येत नाही. आणि दोन्ही बेटांवर रोजचे प्रवासी तेवढे नाहीत. मधल्या मिनिकॉयला, म्हणजे लक्षद्वीपच्याच दक्षिणेकडच्या बेटाला, विमानतळ नाही. याची हळहळ वाटते, कारण मिनिकॉयची महल बोली मालदीवच्या दिवेहीचीच बहीण आणि मालदीवचं सर्वांत उत्तरेचं बेट तिथून जेमतेम १३० किलोमीटरवर.

दिवस सहावा: माले ते गान

दोन बेटं विमानाने नीट जोडलेली असली की काय होतं, हे बघायला हा दिवस. आड्डू प्रवाळद्वीपातलं गान मालेहून सुमारे ५४० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे मोपा-अगत्तीपेक्षा थोडंसं कमी. पंख्याच्या विमानाने एक तास दहा मिनिटं ते दीड तास. गान ०.६९ दक्षिण अक्षांशावर असल्यामुळे उतरण्याआधी दहा-बारा मिनिटं आपण विषुववृत्त ओलांडतो. धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात घातली आणि त्यांचं हवाई दल १९७६ पर्यंत तिथे होतं, त्यामुळे बेट छोटं पण धावपट्टी भरपूर लांब. अगत्तीसारखा वजनाचा घोर इथे नाही. देशी टर्मिनल वेगळं आहे, परदेशी प्रवाशाला भाडं जास्त पडतं, आणि सामानाची मर्यादा कोचीच्या तिकिटाशी जुळत नाही. तेवढं वाचून घेतलं की काम झालं.

दिवस सातवा: परत

माले आणि मोपा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. सरळ उत्तरेला उडालं तर १,२८० किलोमीटर, जेटने दोन तास. थेट विमान मात्र नाही. कोचीमार्गे १,४०० किलोमीटर पडतं, बेंगळूरुमार्गे १,६००. दोनशे किलोमीटरचा फरक जेटला पंधरा मिनिटांचा, म्हणून अंतर बघून मार्ग निवडू नये. मधला थांबा किती आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत का, ते बघावं. एकाच तिकिटावर असले तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतरू तिथे पासपोर्ट-तपासणी आणि सीमाशुल्क होतं. बॅग तिथे उचलून पुन्हा द्यावी लागते. त्याला अडीच तास ठेवावेत. येताना अर्धा तास घड्याळातही जातो.

शेवटी तिकिटावरची अक्षरं नीट वाचावीत. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. शोधताना नुसतं गोवा टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात आणि स्वस्त म्हणून भलतंच निवडलं जातं. गाडी मोप्याला लावून गेलेला माणूस दाबोळीला उतरला तर मध्ये साठेक किलोमीटर रस्ता, तीन नद्यांवरचे पूल आणि तीच पर्वरीची कोंडी.